जिजींच्या पेटीतले कागद आणि एरंडोलचं इतिहास मंडळ

मी जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलला ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षं झाली, गाळा तोच आहे. मागच्या वर्षभरात आमच्या गावच्या इतिहास मंडळाने आमच्या घरासाठी जे काम केलं ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. चांगलं वाटलं ते सांगते, खटकलं तेही सांगते. खटकलेलं मी मंडळाच्या लोकांना समोरासमोर आधीच सांगितलं आहे.

आमचं सासरचं घर गावाकडे, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दोन पावसाळे धाबं गळलं तेव्हा ह्यांनी आणि दिरांनी ठरवलं की पाडून स्लॅब टाकायचा. माळ्यावरून सामान उतरवताना एक पत्र्याची पेटी निघाली. कडी गंजलेली, आत लाल खारव्यात बांधलेला गठ्ठा, वर उंदराच्या लेंड्या. गठ्ठ्यात सगळे मोडी कागद. भंगारवाला दारात उभाच होता, तो म्हणाला पेटीसकट घेतो, कागदाचे वेगळे पैसे देतो. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, ओट्यावर बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "कसाले इकस व माय? पडू दे घरमा." म्हणजे कशाला विकतेस, पडू दे घरात. तेवढ्या एका वाक्यावर तो गठ्ठा वाचला.

त्यानंतर जी चूक झाली ती माझी. त्यातला एक मोठा कागद घडीवर फाटायला लागला होता. जपून ठेवू म्हणून मी तो एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही की एवढा जुना कागद गरम रोलरमधून घालू का, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. बाहेर आला तेव्हा चकचकीत दिसला. चार महिन्यांनी पाहिलं तर एका कोपऱ्यात शाईभोवती तपकिरी डाग पसरलेला. आता ते प्लॅस्टिक काढता येत नाही, ओढलं तर अक्षरं त्याच्याबरोबर निघतात. हे मंडळात गेल्यावर समजलं. कोणी मला बोललं नाही, पण तिथे मोडी वाचणाऱ्या आबांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ काही म्हटलं नाही, ते माझ्या लक्षात राहिलं.

मंडळ म्हणजे जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लाकडी जिना आहे आणि तो उभा आहे. रविवारी दहा ते एक आणि गुरुवारी संध्याकाळी दोन तास, एवढंच उघडं असतं. पगारी माणूस एकही नाही. मोडी वाचणारे आबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मोडी लहानपणी वडिलांकडून शिकलेले. त्यांच्या हाताखाली एक मुलगी आहे, बी. ए. झालेली, तिने सरकारी पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग केला आहे. बाकी पाच-सहा जण येऊन-जाऊन.

पहिल्या दिवशी मी पेटी टेबलावर ठेवली आणि गाठ सोडायला गेले, तर ती मुलगी म्हणाली, "काकू, आधी हात धुऊन या. कोरडे करा. क्रीम लावलं असेल तर साबणाने." मला ते आवडलं. माझ्याकडेही कोणी रेशमी कापड घेऊन आलं की मी आधी हात धुते.

मग गाठ सोडली. आबांनी कागद ओढून उघडले नाहीत. घडीत असलेले तसेच पांढऱ्या कापडावर मांडून ठेवले, मऊ ब्रशने वरची धूळ झटकली आणि म्हणाले, आज एवढंच, पुढच्या रविवारी या. मला वाटलं टाळताहेत. तसं नव्हतं. वर्षानुवर्षं घडीत राहिलेला कागद एकदम सरळ केला तर घडीवरच तुटतो. त्याला मोकळ्या हवेत चार दिवस पडू द्यावं लागतं. काही कागदांवर काचेची तावदानं ठेवून हळूहळू सपाट केले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एक जाड, किंचित खरबरीत, मळकट पिवळा. दुसरा पातळ, गुळगुळीत, कडेला कुरकुरीत झालेला. "यातला जुना कोणता?" मी कुरकुरीत झालेल्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "नाही ताई. हा जाडा त्याच्यापेक्षा साठ-सत्तर वर्षांनी जुना आहे. हात लावून बघा." मी लावला. धुवून धुवून मऊ पडलेल्या सुती लुगड्यासारखा लागला, वाकवला तर वाकला. नवा कागद मात्र घडीवर चुरत होता.

कारण असं की जुना कागद हाताने केलेला, अंबाडी-तागाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट, चिंध्या कुटून कुटून त्याचा लगदा करायचे, चाळणीसारख्या साच्यावर एकेक ताव उचलायचे, वाळवायचे, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरू अडखळत नाही. त्यात धागे लांब असतात. नंतर गिरण्यांचा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल राहतं आणि तो आतून आपोआप जळत जातो. आणि हे मला एरंडोलात राहून माहीत नव्हतं की असा जाडा देशी कागद आपल्याच गावात बनायचा! १८८०च्या खान्देश गॅझेटियरच्या काळात एरंडोल त्यासाठी ओळखलं जायचं. पद्मालयाचे दोन गणपती आम्ही पाहुण्यांना दाखवतो, पांडववाडा दाखवतो, पण कागदाचं नाव कोणी काढत नाही. आबांनी तो ताव खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा आत साच्याच्या बारीक उभ्या रेघा दिसल्या, विणीसारख्या. आमचा कागद एरंडोलीच आहे असं ते म्हणाले नाहीत. हाताने केलेला देशी कागद आहे, कुठला ते सांगता येणार नाही, असंच त्यांनी नोंदवलं. माझ्या मनात होतं की त्यांनी "हो" म्हणावं. त्यांनी म्हटलं नाही, आणि त्यामुळेच पुढे त्यांनी जे वाचून दाखवलं त्यावर माझा विश्वास बसला.

आता त्या कुरकुरीत कागदाबद्दल.

तो एक गहाणाचा कागद होता. वर "तालुके एरंडोल जिल्हे खानदेश". आबा म्हणाले, बघा, हा १९०६च्या आधीचा असणार, कारण १९०६ ला खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आपण पूर्व खान्देशात गेलो, धुळं पश्चिमेत. पुढे वाचलं तर साल लिहिलेलंच होतं, शके १८२१, विकारी नाम संवत्सर, माघ महिना. म्हणजे १९०० सालातला फेब्रुवारीचा सुमार. आबा तिथे थांबले. १८९९ ला पाऊस गेला होता. मारवाडी-गुजर लोकांच्या संवतात ते साल १९५६, म्हणून जुने लोक त्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात. चारा नाही म्हणून जनावरं पटापट मेली, तो हा दुष्काळ.

त्यांनी बोट न टेकवता, पेन्सिल अधांतरी धरून वाचत नेलं. चांदीचे तोडे जोड एक, हातातले गोट जोड एक, दंडातली वेळा एक, मिळून वजन रुपये साठ भार (म्हणजे साठ रुपयांच्या नाण्यांइतकं), हे सावकाराकडे ठेवून पंचवीस रुपये घेतले. कशासाठी, तर घरखर्चास आणि बैलांस कडबा घेणेस. शेवटी देणाऱ्यांची नावं. एक ह्यांच्या पणजोबांचं, त्यापुढे "बिन" आणि त्यांच्या वडिलांचं नाव. त्याखाली एक बाईचं नाव, पुढे "कोम" आणि पणजोबांचं नाव. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, हे त्या दिवशी शिकले.

त्या नावांसमोर दोन खुणा होत्या. एक वेडीवाकडी, फाटा फुटल्यासारखी. दुसरी गोल. घरी आम्ही हा कागद उलटापालटा करून पाहिला होता आणि तो गोल म्हणजे कुणी तरी पेल्याचा ओला बूड टेकवलेला डाग असं समजलो होतो. आबांनी भिंग माझ्या हातात दिलं. गोलाच्या शेजारी बारीक दोन शब्द होते. "निशाणी बांगडी."

ज्यांना सही येत नसे ते आपल्या कामाची खूण काढत. शेतकरी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. म्हणजे तो वेडावाकडा फाटा पणजोबांचा नांगर होता, आणि हा गोल पणजीने स्वतः बोरू हातात धरून काढलेला होता. लेखणी नीट धरता येत नसणार, कारण रेघ सुरुवातीला जाड आहे, मध्ये थरथरली आहे आणि शेवटचं टोक सुरुवातीला मिळालेलं नाही. जरासं अंतर राहिलंय. मी शिवणारी बाई आहे, रेघ कुठे सुरू झाली आणि हात कुठे थांबला ते मला कळतं. मी ते भिंगातून किती वेळ पाहत बसले मला सांगता येणार नाही. दागिने तिचे होते, म्हणून निशाणी तिची घेतली, असं आबा म्हणाले. स्वतःच्या अंगावरचं उतरवून बैलांना कडबा आणला, आणि ते उतरवल्याची खूण म्हणून कागदावर बांगडी काढली.

पाठीमागे वेगळ्या हाताने एक ओळ आहे. शके १८२५, "भरून पावलो". फेड झाल्यावर सावकाराने कागद परत दिला, म्हणून तो आमच्या पेटीत आला. तोडे-गोट घरात आज नाहीत, कधी मोडले कुणालाच माहीत नाही.

पण तिचं नाव कळलं. जिजींना त्यांच्या आजेसासूचं नाव ठाऊक नव्हतं, घरात सगळे तिला "मोठी माय" म्हणायचे, बस्स. नाव इथे लिहीत नाही, ते आमच्या घरातलं आहे. संध्याकाळी मी जिजींना सांगितलं, मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी त्या गोलावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई आमना घरनी बांगडी शे." मग दोन-तीनदा ते नाव म्हणून पाहिलं, जीभेला सवय करावी तसं.

यासाठी मंडळाने काय घेतलं? पानाचं स्कॅन करायला दहा रुपये, आणि मोडीचं देवनागरी करून देण्यासाठी जे आपल्याला द्यावंसं वाटेल ते. एकंदर त्रेसष्ट पानं होती. कागद द्यायचे की वाचून परत न्यायचे हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि तसं पावतीवर लिहून दिलं. पावतीवर पानांची संख्या, प्रत्येक पानाला नंबर, कोणतं फाटलेलं, कोणतं कसरीने खाल्लेलं, सगळं. आम्ही काही कागद दिले, गहाणाचा तो एक घरी परत आणला, त्याचा स्कॅन मंडळात आहे. कुणी "असे कागद घरात ठेवून तुम्ही काय करणार" असं म्हटलं नाही. मी इतर ठिकाणच्या गोष्टी ऐकून आहे, वाचायला म्हणून नेलेले कागद परतच न आल्याच्या. इथे तसं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

आता कापडाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो माझा विषय आहे. मंडळात कागद रुमालात बांधतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, मोठं चौकोनी कापड, त्यात गठ्ठा बांधून वर चिठ्ठी लावतात. जुन्या दफ्तरांची हीच पद्धत. त्यांच्याकडचे बरेच रुमाल नव्या कापडाचे होते, दुकानातून आणून तसेच वापरलेले. मी बोटाने चोळून पाहिलं तर खळ तशीच. मी म्हटलं, आबा, ही खळ पिठाची असते, कसर आधी हिच्यावर येईल आणि मग कागदात शिरेल. आबांना खळीचं ठाऊक होतं, पण एवढं कापड धुणार कोण, म्हणून राहून गेलेलं. आणि आमच्या पेटीतला लाल खारवा छान दिसत होता, पण एका बाजूला पाणी लागून त्याचा रंग खालच्या चार पानांवर उतरला होता. तेव्हा रंगीत कापड नकोच.

मग मी कोरा मांजरपाट आणला. रात्रभर पाण्यात भिजवला, सकाळी गरम पाण्यात उकळून काढला, साबण न लावता तीनदा खळबळला, पाण्याला गढूळपणा येईना तेव्हा थांबले. उन्हात कडक वाळवला. कडा दुमडून शिवल्या, कारण सुटे धागे कागदाच्या कोपऱ्यात अडकतात आणि ओढताना कोपरा फाटतो. बंद मात्र लावले नाहीत, कापडाचीच टोकं बांधायची, म्हणजे गाठीचा दाब एका जागी येत नाही. सव्वा मीटरचे चाळीस रुमाल झाले. कडुनिंबाची सावलीत वाळवलेली पानं आणि वेखंडाचे तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत घालून गठ्ठ्याच्या शेजारी ठेवतात, कागदाला टेकवून नाही. गेल्या पावसाळ्यानंतर त्या चाळीसातला एकही गठ्ठा कसरीने खाल्लेला निघाला नाही. जुन्या रुमालांतले निघाले.

मंडळातर्फे आम्ही पंधरा जण एकदा धुळ्याला गेलो होतो, एरंडोलहून साठेक किलोमीटर. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. राजवाडे शेवटी धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले आणि दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, धुळ्याच्या लोकांनी त्यांच्या कागदांसाठी मंडळ उभं केलं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांनीच १९१० ला काढलं होतं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी छापले, पहिला १८९८ ला. आणि त्यासाठी गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचे, कोनाड्यातले कागद मागून आणले. परत येताना गाडीत आबा म्हणाले की राजवाड्यांना जे मिळालं ते सरदार-देशमुखांच्या घरात जास्त, नांगर-बांगडीवाल्यांच्या घरातलं अजून माळ्यावरच आहे. माझं लक्ष खिडकीबाहेर होतं, पण हे वाक्य मनात बसलं.

आता खटकलेलं.

पहिलं, वेळ. दिवाळीपर्यंत वाचून देतो म्हणाले होते, संक्रांत उलटून गेली. मध्ये दोनदा मी जिना चढून गेले आणि कुलूप होतं, बाहेर पाटीही नाही. एवढं कळवायला एक फोन पुरतो. कारण मला नंतर समजलं. २०२३च्या शेवटापासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना जी मागणी आली, त्यात लोक गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन मंडळात येऊ लागले. मंडळाचा नियम आहे की जातीच्या दाखल्यासाठी किंवा कोर्टासाठी ते वाचून देत नाहीत, अधिकृत वाचकाकडे पाठवतात. नियम बरोबर आहे. पण तो दारावर लिहिलेला नाही, त्यामुळे लांबून आलेला माणूस जिना चढून, ताटकळून, मग चिडून जातो. माझ्यासमोर दोघे असे गेले.

दुसरं, तो जिना. ज्यांच्या आठवणी सगळ्यात जुन्या त्यांना तो चढता येत नाही. जिजी एकदाही वर जाऊ शकल्या नाहीत.

तिसरं, मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत. श्रावणात तिला हात लावला तर ओला होतो. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहेत, पण हा तात्पुरता उपाय आहे. रुमाल कितीही चांगले शिवले तरी ओल त्यातून आत जातेच.

आणि चौथं सगळ्यात मोठं. गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन त्यांनी मांडलं होतं, सोळा फलक. पाटील, देशमुख, सावकार, स्वातंत्र्यसैनिक, शाळामास्तर. डिसेंबर १९३६च्या फैजपूर काँग्रेसचाही फलक होता, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आमच्या पट्ट्यातून कितीतरी लोक गेले असतील. सोळा फलकांत बाईचं नाव एकही नाही. फोटोत बायका आहेत, खाली लिहिलंय "कुटुंबीय". मला वाईट वाटलं, राग आला म्हणा. मी आबांना तिथेच म्हटलं, आबा, निशाणी बांगडी तुम्हीच मला वाचून दाखवली ना? मग ही बांगडी भिंतीवर का नाही? ते लगेच काही बोलले नाहीत. पण पुढच्या बैठकीला त्यांनी हा विषय घेतला आणि मला बोलावलं.

त्यातून आखाजीचं काम निघालं. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा बायकांचा सण, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी होतात. त्या चार दिवसांत म्हाताऱ्या बायका घराघरात सापडतात. मंडळाची ती मुलगी आणि मी असं दोघी आळीआळीने फिरलो, मोबाइल आणि एक छोटा माइक घेऊन. जिना चढायचा प्रश्नच नाही, आम्हीच ओट्यावर जाऊन बसलो. गाणी घेतली, अहिराणीतली, जशी म्हटली तशी, शुद्ध करायला गेलो नाही. गाण्याबरोबर विचारलं की हे कुणाकडून शिकलात, तिचं नाव काय, माहेर कुठलं. कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, कुणाच्या घरी बसायची, तिच्या रोटांना गहू किती लागायचे, तेही. पहिल्या दिवशी बायका म्हणायच्या, "आमनं काय लिखतस माय, आमले काय येस?" तिसऱ्या दिवशी त्याच निरोप पाठवायला लागल्या की आमच्याकडे कधी येता. एकूण एकोणतीस बायकांची गाणी आणि बोलणं आता मंडळात आहे, प्रत्येकीच्या स्वतःच्या नावाने. तीन जणी तेवढ्यात गेल्यासुद्धा.

जिजींचंही आहे. त्यांनी एक गाणं अर्ध्यावर सोडलं, पुढचं आठवेना. मुलगी म्हणाली, राहू द्या आजी, अर्धंच नोंदवते, कुणाला तरी पुढचं येत असेल. दोन आळ्या पलीकडे एका बाईला ते आलं.

मंडळाला माझी मागणी एवढीच की दारावर पाटी लावा, त्यावर वेळ, नियम आणि एक फोन नंबर लिहा. खालच्या मजल्यावर महिन्यातून एक दिवस बसा. भिंतीसाठी वर्गणी काढा, मी माझी देते. बाकी कामाबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी इथेच यावं असं मी म्हणेन.

येताना कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, आत घाम धरतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. घडी असेल तशी राहू द्या आणि सुती कापडात गुंडाळून आणा. कापड नसेल तर आधी माझ्या दुकानात या, खळ काढलेल्या मांजरपाटाचे तुकडे मी फडताळात ठेवलेले असतात. त्याचे पैसे घेत नाही.